'इल्मॅटिक' कुठे, कधी, कसा ऐकलात? (अनुभव धागा)

१९ एप्रिल १९९४ ला न्यूयॉर्कच्या रॅपर नॅसचा 'इल्मॅटिक' हा अल्बम आला. सुरुवातीचा छोटा तुकडा धरून १० ट्रॅक, सगळं मिळून ४० मिनिटांच्या आत. गडी तेव्हा २० वर्षांचा. हिपहॉपवर गप्पा सुरू झाल्या की हे नाव निघतंच, आणि मग नुसतं 'क्लासिक, क्लासिक' चालतं. म्हणून इथे एकच पथ्य: 'महान आहे' एवढ्यावर भागवू नका. गाव लिहा, साल लिहा, कोणत्या गाण्यापाशी अडकलात ते लिहा. आवडला नसेल तर तेही येऊ द्या. 'मी त्याच आठवड्यात कॅसेट घेतली होती' छापाचे प्रतिसाद मात्र पुराव्यासकट द्यावेत. :)

पुणे, २००२

इंजिनिअरिंगचं हॉस्टेल. लॅनवर कुणीतरी फोल्डर शेअर केलेलं, गाणी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागलेली. त्यामुळे माझा अल्बम 'हाफटाइम'ने सुरू व्हायचा आणि 'द जेनेसिस', म्हणजे खरी सुरुवात, नवव्या नंबरवर! मेट्रोगाडीचा खडखडाट, पोरांची बडबड... शेवटी शेवटी हे काय मध्येच, असं व्हायचं. क्रम लावून ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. आधी ती गाडी जाते, मग 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'चा तो काळाकुट्ट पियानो. त्या गाण्याचा निर्माता डीजे प्रिमियर, त्याचं काम. त्यात सुरुवातीला नॅस पुटपुटतो की सुरू कसं करायचं तेच कळत नाहीये, आणि पुढच्या क्षणाला असा सुटतो की दम घ्यायला जागा नाही. प्रिमियरने ते पुटपुटणं कापलं नाही. दुसऱ्या कुणी साफसूफ करून टाकलं असतं.

बाय द वे, हॉस्टेलचा क्रम अगदीच वाया गेला नाही. 'हाफटाइम' या सगळ्यांत आधी बाहेर आलेलं, १९९२ मध्ये 'झेब्राहेड' सिनेमाच्या साउंडट्रॅकवर. तेव्हा पठ्ठ्या 'नॅस्टी नॅस' नावाने गायचा.

दादर, मग जॅक्सन हाइट्स, २००६

मी आधी जागा पाहिली आणि अल्बम नंतर नीट ऐकला. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये भाड्याने राहायचो. तिथून मेट्रोची एफ गाडी तेव्हा एक्स्प्रेस होती, पुढचं स्टेशन थेट ट्वेंटीफर्स्ट स्ट्रीट - क्वीन्सब्रिज. नॅस वाढला ती वस्ती. रोज खालून जायचो. एका शनिवारी उतरलो.

मनात 'घेट्टो'चं जे चित्र असतं तसं काही नव्हतं. सहा मजली, विटांच्या इमारती, वरून पाहिलं तर इंग्रजी वाय अक्षरासारख्या, कारण प्रत्येक घरात उजेड यावा. १९३९ च्या सुमाराची सरकारी वसाहत, तीन हजारांवर घरं. पूर्ण उत्तर अमेरिकेत एवढी मोठी दुसरी नाही म्हणतात. पैसे वाचवायला लिफ्ट मूळात पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावरच थांबायची. चौथ्या मजल्यावरच्या म्हातारीने काय करायचं हे आराखडा काढणाऱ्याला विचारायला हवं होतं. डोक्यावर क्वीन्सबरो पूल, उत्तरेला वीज केंद्राची लाल-पांढरी धुराडी, समोर नदी आणि नदीपलीकडे मॅनहॅटन, इतकं जवळ की खिडक्या मोजाव्यात.

घरी येऊन 'मेमरी लेन' लावलं. त्या दिवसापासून हा अल्बम मला शहराचा वाटत नाही. पाचसहा गल्ल्यांचा वाटतो. मॅनहॅटन त्यात जवळजवळ नाहीच, आणि ते नसणं बरोबर आहे.

एडिसन, न्यू जर्सी. साल आठवत नाही, मुलगा अकरावीत होता

मी काही फॅन नाही. चिरंजीवांच्या खोलीतून धाडधाड यायचं, त्यातलं एक गाणं जरा मऊ होतं. विचारलं, हे काय म्हणतोय? त्याने शब्द छापून दिले, वर 'आई, शिव्यांकडे दुर्लक्ष कर' अशी सूचना. 'वन लव्ह'. तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं! मुलगा झालाय, तुझ्यावर गेलाय, ती भेटायला का येत नाही, अमक्याने दगा दिला, तुझ्या आईला पैसे दिले. आमच्या गावाकडून इनलँड यायचं त्यात हेच असायचं, फक्त गोळीबार नसायचा.

तिसऱ्या कडव्यात तो पत्र बाजूला ठेवतो आणि बाकावर बसलेल्या बारा वर्षांच्या पोराशी बोलतो. ते पोर एवढ्याशा वयात काय काय करून बसलंय! हा त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो, पण सांगणारा स्वतःच केवढासा. ते वाचून मी मुलाला आवाज कमी कर म्हणायचं सोडलं, निदान त्या गाण्यापुरतं.

सांगली, २०११

तबला वाजवतो, म्हणून आधी नाक मुरडलं होतं: दुसऱ्याच्या रेकॉर्डचे तुकडे चिकटवायचे, यात वाजवलं काय? मग 'द वर्ल्ड इज युअर्स'मधला पियानो जॅझ पियानोवादक अहमद जमालच्या १९७० च्या रेकॉर्डवर शोधून काढला. मूळ चाल लांब, मोकळी, रमतगमत जाणारी. गाण्याचा निर्माता पीट रॉकने त्यातून नेमका तेवढाच तुकडा उचललाय जो पुन्हा पुन्हा समेवर येऊन पडतो. त्या काळी हे निर्माते रेकॉर्डचे तुकडे उचलायला वापरायचे त्या एसपी-१२०० यंत्रात जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावायचा. म्हणून मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने फिरवून आत घ्यायची आणि यंत्रात परत खाली उतरवायची. जागा वाचते, आवाज जरा खरबरीत होतो, आणि तो खरबरीतपणाच लोकांना आवडला.

'लाइफ्स अ बिच' संपताना कॉर्नेट वाजतं ना, ते नॅसचे वडील ओलू दारा. जॅझवाले. मुलाने जगाबद्दल इतकं कडू बोलून घेतल्यावर बाप एक शब्द न बोलता वाजवतो. तेवढ्यासाठी मी ते गाणं कधीही मध्येच बंद करत नाही.

पणजी, १९९९

विरोधी मत नोंदवते. शब्दांची कारागिरी मान्य. पण या अल्बममध्ये बाई आहे कुठे? कुणाची तरी आई, कुणाची तरी बेवफा मैत्रीण. बस्स. मला गायिका-रॅपर लॉरिन हिलचा १९९८ चा अल्बम आधी भेटला, त्यानंतर 'इल्मॅटिक' अर्ध्या वस्तीचाच वाटला.

शिवाय या पूजेचा त्रास खुद्द नॅसलाच झालाय. 'द सोर्स' या हिपहॉप मासिकाने तेव्हा पाचपैकी पाच माइक दिले, पण विक्री बेताची. पायरेटेड कॅसेटी आधीच बाजारात फिरत होत्या. प्लॅटिनम व्हायला २००१ उजाडलं. आणि पुढचं प्रत्येक काम याच फूटपट्टीने मोजलं गेलं. प्रतिस्पर्धी रॅपर जे-झीने 'टेकओव्हर' गाण्यात हाच टोमणा मारला.

अंधेरी, २०१९

पणजीकर ताई, मुद्दा बरोबर आहे. पण आमच्या वयाच्या पोरांचा रस्ता उलटा होता. 'गली बॉय'च्या श्रेयनामावलीत नॅसचं नाव एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर म्हणून दिसलं. त्याच वर्षी त्याच्या मास अपील या रेकॉर्ड कंपनीची भारतातली शाखा निघाली आणि आपल्या मुंबईच्या रॅपर डिव्हाइनला त्यांनी घेतलं. मग शोधत मागे गेलो.

मी 'रिप्रेझेंट'पाशी अडकलो. शेवटी तो नुसती दोस्तांची आणि वस्तीची नावं घेत सुटतो. म्हटलं, हे तर आपल्या मंडळाच्या स्टेजवरून चालतं! त्यानंतर पहिल्यांदा मराठीत लिहिलं, एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगवर: पाण्याची वेळ, बंद लिफ्ट, कमिटीची भांडणं. आधी मी गाड्या आणि बंदुकांवर लिहायचो. आमच्याकडे सायकल होती.

धागाकर्ता

'वन टाइम फोर युअर माइंड'वर कुणीच लिहिलं नाही. त्याचा कुणीही वाली नाही का?

पुणे, पुन्हा

आहे की! बाकी नऊ ट्रॅकमध्ये काही ना काही घडतं, यात पठ्ठ्या रिकामा वेळ घालवतोय फक्त. निर्माता लार्ज प्रोफेसरने बेसही तसाच आळसावलेला लावलाय. रविवारी जेवण झाल्यावर लावून बघा, मग भांडायला या.