गिनीपिगची सोनोग्राफी / एक्स-रे: आधी काय तयारी केलीत? अनुभव लिहा

चकलीची आई (कोथरूड)

आमची चकली साडेतीन वर्षांची. गेल्या महिन्याभरात तिच्या दोन्ही कुशींवरचे केस जाऊन रुपयाएवढी टकलं पडलीत, खाज नाही की खपली नाही, आणि शेवच्या (तिची जोडीदारीण) अंगावर सारखी चढते, गुरगुरते. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि म्हणाले अंडाशयात सिस्ट असणार, या वयाच्या माद्यांमध्ये खूप कॉमन आहे, सोनोग्राफी करून बघू. गुरुवारी ११ ची वेळ मिळालीय. रिसेप्शनवरच्या मुलीने फोनवर सांगितलं की रात्री १० नंतर काही खायला देऊ नका. मी हो हो म्हणून फोन ठेवला आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागला, कारण चकली रात्री दोन वाजतासुद्धा गवत कुरतडत असते, तिला तेरा तास उपाशी कसं ठेवायचं? नवरा म्हणतो त्यांना कळत असेल ना. ज्यांनी ज्यांनी हे केलंय, सोनोग्राफी, एक्स-रे, सीटी काहीही, त्यांनी प्लीज लिहा, आदल्या रात्रीपासून घरी येईपर्यंत सगळं, चुका झाल्या असतील तर त्याही.

शेंगदाण्याची मावशी (डोंबिवली)

उपाशी ठेवू नकोस!! बाकीचं नंतर वाच.

आमच्या शेंगदाण्याला दोन वर्षांपूर्वी एक्स-रेच्या आधी असंच सांगितलेलं. रात्री ९ ला वाटी काढली, गवत काढलं. सकाळी ११ ची वेळ होती पण तिथे गेल्यावर एक अपघाताची केस आली, आमचा नंबर लागला अडीचला, म्हणजे साडेसतरा तास झाले. एक्स-रे पाच मिनिटांत झाला, रिपोर्टही बरा आला, पण घरी येऊन कोथिंबीर समोर धरली तर तोंड फिरवलं. जो प्राणी फ्रीजचं दार वाजल्याबरोबर कुईकुई करून बिल्डिंग डोक्यावर घेतो तो कोपऱ्यात अंग फुलवून बसला. रात्रीपर्यंत लेंड्या जवळजवळ बंद, ज्या चार आल्या त्या जिऱ्याएवढ्या आणि सुक्या. मग दुसरे डॉक्टर, इंजेक्शनं, आणि तीन दिवस दर तीन तासांनी पेलेट भिजवून मिक्सरला लावून सिरिंजने भरवणं, बाजूला बशीत लेंड्या गोळा करून वहीत आकडा लिहिणं. सासूबाई म्हणाल्या नातवाची सुद्धा एवढी शी मोजली नव्हतीस. चौथ्या दिवशी पहाटे बशीत बारा टपोऱ्या लेंड्या दिसल्या तेव्हा मी ओट्याला टेकून रडले.

रिसेप्शनवाल्यांचा मी राग धरत नाही, त्यांच्याकडे दिवसभर कुत्री-मांजरं येतात, तेच वाक्य तोंडात बसलेलं असतं. पण तू डॉक्टरांशीच बोल.

गुरांचा डॉक्टर (नाशिक)

मी मुळात गाई-म्हशींचा, पण हल्ली क्लिनिकवर ससे-गिनीपिग पण येतात, त्यामुळे लिहितो.

मावशी बरोबर सांगतायत. कुत्र्या-मांजराला उपाशी ठेवतात ते भुलीत उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. गिनीपिगला उलटी होतच नाही. गाईच्या पोटात जसा चारा आंबतो तसा याच्या मागच्या मोठ्या आतड्यात आंबतो, आणि ते काम चालू राहायला वरून सतत चारा पडत राहावा लागतो. तो थांबला की आतडं मंदावतं, गॅस धरतो, फार वेळ गेला तर लिव्हरवर चरबी चढते, जनावर लठ्ठ असेल तर आणखी लवकर. फक्त एक आहे, हे लोक तोंडात घशापर्यंत चावलेलं गवत धरून बसतात, त्यामुळे भूल द्यायचीच असेल तर आम्ही तासभर आधी चारा काढतो आणि तोंड सिरिंजच्या पाण्याने धुऊन घेतो. साध्या सोनोग्राफीला बहुतेक वेळा भूल लागत नाही.

फोन करून विचारा की भूल देणार का, देणार असाल तर चारा नेमका किती आधी काढायचा, आणि आधी गिनीपिग हाताळलेत का. तिसरा प्रश्न विचारायला लाजू नका, चांगला डॉक्टर चिडत नाही. आणि नंतर कुणी तोंडावाटे अमॉक्सिसिलिन लिहून दिलं तर सुरू करण्याआधी परत विचारा. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं पोटातून गेली तर यांच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि जीवावर बेततं.

चकलीची आई

बापरे. आत्ताच फोन केला. डॉक्टर स्वतः म्हणाले भूल नाही, गवत चालू ठेवा, पिशवीत घेऊनच या. आणि आदल्या दिवशी कोबी-फ्लॉवर नको, पोटात गॅस असला की सोनोग्राफीत पलीकडचं काही दिसत नाही. थँक्यू मावशी, थँक्यू डॉक्टर 🙏

घासवाला जावई (पिंपरी)

आमची गोष्ट एक्स-रेची आहे आणि त्यात थोडी लाज पण आहे.

सासरे नगरकडचे, शेती आहे, आले की गोणीत कापलेला घास घेऊन यायचे. नगरकडे घास म्हणजे लसूणघास, पुण्या-मुंबईकडच्यांना वाटेल कुठलंही गवत. आमचा पोपट (हो, गिनीपिगचं नाव पोपट, मुलाचा हट्ट) तुटून पडायचा त्याच्यावर, सासरे खूश, आम्ही खूश. दीडेक वर्षाने लघवी करताना तो चिरक्या आवाजात ओरडायला लागला आणि खालच्या फडक्यावर गुलाबी डाग. डॉक्टर म्हणाले मुतखडा असू शकतो, एक्स-रे काढू, यांचे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात त्यामुळे प्लेटवर पांढरेशुभ्र उमटतात. लसूणघासात कॅल्शियम भरपूर, वाढत्या पिल्लाला आणि गाभण मादीला चालतो, मोठ्या झालेल्याला रोजचा नको. कुणी सांगितलंच नव्हतं.

तयारी म्हणाल तर आम्ही टॉवेल, गवत, काकडी, सगळं घेतलं. पहिली प्लेट आली, डॉक्टर बघतात तर मानेपाशी एक गोल चकचकीत गोळा. सगळे गप्प. माझ्या पोटात खड्डा. मग असिस्टंटने केस बाजूला करून बघितलं तर घुंगरू! मुलीने राखीतलं घुंगरू दोऱ्यात ओवून मानेला बांधलेलं, लांब केसांत कुणाला दिसलंच नाही. परत पकडा, परत प्लेट, त्याला उगाच दोनदा ताण. तेव्हा निघायच्या आधी अख्ख्या अंगावरून हात फिरवा. एक प्लेट कुशीवर झोपवून, एक पाठीवर, पाठीवरच्या वेळी तो इतका लाथा झाडत होता की शेवटी हलकं गुंगीचं दिलं. आम्हाला बाहेर काढलं होतं, आत शिशाचे एप्रन घालून त्यांचेच लोक.

खडा निघाला, साबुदाण्याएवढा. ऑपरेशन झालं, पोपट अजून आहे. सासऱ्यांना अजून पटलेलं नाही, म्हणतात आमच्या शेळ्यांना कधी काय झालं नाही.

कुर्ल्याची बाई

माझं प्रवासाबद्दल. मे महिना, कुर्ल्याहून परळ, बैलघोड्याच्या हॉस्पिटलला. नाव ऐकून हसू नका, जुने मुंबईकर तेच म्हणतात. यांना तिशीच्या वर तापमान गेलं की त्रास सुरू होतो, घाम येत नाही. पाण्याची बाटली रात्री फ्रीजरला टाकून सकाळी नॅपकिनमध्ये गुंडाळून कॅरियरच्या एकाच बाजूला ठेवली, म्हणजे गार वाटलं तर दुसऱ्या बाजूला सरकता येतं. पाणी प्यायची बाटली गाडीत गळते आणि अंग ओलं होतं, त्यापेक्षा काकडीचे काप.

खरी परीक्षा बाहेर बसलं की असते. एकीकडे बोकड, एकीकडे पट्टा ताणणारा लॅब्राडोर, आणि आमची बर्फी अशी गोठलेली की श्वास चालू आहे का ते वाकून बघावं लागत होतं. कॅरियर जमिनीवर ठेवायचाच नाही, मांडीवर घ्यायचा, वरून ओढणी. नंतर नंतर तर मी नवऱ्याला आत बसवून स्वतः टॅक्सीत थांबायला लागले, नंबर आला की मिस्ड कॉल.

कोल्हापुरी चप्पल

आमच्याकडं गिनीपिग बघणारा डॉक्टर मिळणं म्हणजे लॉटरी. पेट शॉपवाल्यानं दोन माद्या म्हणून दिल्या, त्यातली एक मादी नव्हती हे आम्हाला दुसरीचं पोट पेरूसारखं झाल्यावर कळलं. वय आठ महिने, पहिलटकरीण. वाचून वाचून माझी झोप उडाली, कारण सहा-सात महिन्यांच्या आत पहिलं बाळंतपण झालं नाही तर कमरेचं हाड जुळून घट्ट होतं आणि मग पिल्लं अडकतात. मामेभाऊ रेडिओलॉजिस्ट, त्याला म्हटलं पाच मिनिटं बघ की रं मशीनवर, तर तो हातच जोडायला लागला, म्हणाला १९९४ चा गर्भलिंगनिदानाचा कायदा आहे, मशीनचा हिशोब द्यावा लागतो, तुझ्या उंदरापायी माझं सेंटर सील करशील.

शेवटी दिवस भरत आल्यावर सांगलीच्या एका डॉक्टरनी एक्स-रे काढला. उशिरा काढला की पिल्लांची हाडं दिसतात, डोकी मोजता येतात. तीन डोकी. आपण सांगायची तयारी एवढीच की नर-मादी कधीपासून एकत्र आहेत ती तारीख लिहून न्या, दोन महिने ते सव्वादोन महिने असतात दिवस, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. सिझर झालं. दोन पिल्लं जगली, आई पण. पिल्लं जन्मताच डोळे उघडून पळायला लागतात हे बघितलेलं नसेल तर आयुष्यात एकदा बघा.

इसारकाठचा (म्युनिक)

इथे याला मेअरश्वाइनशेन म्हणतात, शब्दशः समुद्राचं डुकरू, डुक्कर नाही आणि पोहायला तर अजिबात आवडत नाही. आमच्या मोदकाची मान एका बाजूला कलली, कानाच्या आतला संसर्ग की आणखी काही ते बघायला डोक्याचं सीटी. मला वाटलेलं भूल देणार, पण त्यांनी पारदर्शक नळकांड्यासारख्या डब्यात टॉवेल लावून बसवलं आणि तसंच मशीनमध्ये सरकवलं, काही सेकंदांचं काम. सोबत जोडीदाराला घेऊन या असं त्यांनीच आधी सांगितलं होतं, एकटं आणलं तर जास्त घाबरतं आणि परत गेल्यावर ओळख पण बिघडते. बहीण झुरिकला असते, तिथे तर २००८ पासून एकटा गिनीपिग पाळणं कायद्यातच बसत नाही. बिल बघून मात्र मलाच भुलीची गरज होती.

ट्रिमरवाला (ठाणे)

चकलीच्या आई, सोनोग्राफीत पोटाचे केस भादरतात, त्याची तयारी कुणी सांगितली नाही म्हणून. आमची कढी ट्रिमरच्या आवाजालाच बिचकायची. आठवडाभर रोज दाढी करताना मी ट्रिमर पिंजऱ्याशेजारी चालू ठेवायचो आणि बायको सिमला मिरचीची पट्टी द्यायची. पाचव्या दिवसापासून ट्रिमर वाजला की कढी कुईकुई करत जाळीपाशी, अजूनही करते, शांतपणे दाढी करायची सोय राहिली नाही. रोज दोन मिनिटं मांडीवर घेऊन पोटाखाली हात धरायची पण सवय लावा. आणि जेलची बाटली आधी गरम पाण्याच्या मगमध्ये ठेवायला सांगा, किलोभराच्या जिवाच्या भादरलेल्या पोटावर गार जेल म्हणजे काय विचार करा.

चकलीची आई

झाली सोनोग्राफी!! क्रमाने लिहिते.

सकाळी किचनच्या काट्यावर वजन, ९४० ग्रॅम, वहीत लिहिलं. अंगावरून हात फिरवला (घुंगरू नाही 😄). गणपतीसाठी सोसायटीच्या मागून आणतो तिथूनच हरळी आणलेली, ती आणि सुकं गवत पिशवीत, शेव पण सोबत. गाडीत शेव निवांत खात होती म्हणून हिनेही दोन काड्या ओढल्या. आत गेल्यावर मी जेलचं विचारलं तर डॉक्टर हसले, म्हणाले आम्ही ठेवतोच कोमट, पण विचारलंत ते बरं केलंत. पाठीवर पूर्ण उताणी केलीच नाही, माझ्या हातावर तिरकी टेकवली आणि असिस्टंटने मागचे पाय धरले. एकदाच ओरडली, आणि माझ्या कुर्त्यावर मुतली. दोन्ही बाजूंना सिस्ट आहेत, उजवीकडची मोठी, तीन सेंटिमीटरच्या आसपास. ऑपरेशन करायचं की हार्मोनच्या इंजेक्शनवर काही दिवस बघायचं ते रक्ताचा रिपोर्ट आल्यावर ठरेल. तोपर्यंत क जीवनसत्त्वाचे थेंब रोज तोंडात, पाण्यात मिसळायचे नाहीत कारण पाण्यात ते टिकत नाही. यांच्या अंगात आपल्यासारखंच ते तयार होत नाही.

पोट पुसून घेतलं तरी जेलचा वास राहिलाच, घरी आल्यावर शेवने हुंगलं आणि दात कटकट वाजवले, म्हटलं आता भांडणार. मग दोघींच्या अंगावरून एकच फडकं फिरवलं आणि मध्ये कोथिंबिरीची जुडी टाकली. भांडण विसरल्या.

शेंगदाण्याची मावशी

छान झालं गं. पण लेंड्या??

चकलीची आई

दुपारपासून चव्वेचाळीस, सगळ्या टपोऱ्या. दूधवाल्याच्या वहीत लिहिल्यात, सकाळी नवरा हिशोब करायला बसला तेव्हा विचारत होता हे चव्वेचाळीस लिटर कधी घेतलं.