मदत हवी आहे: डेटाबेसमधून भरलेल्या ड्रॉपडाउनमधून ‘मुंबई उपनगर’चं नुसतं ‘मुंबई’ सेव्ह होतंय

नमस्कार. पीएचपी आणि मायएसक्यूएल ५.७ वर नोंदणीचा फॉर्म आहे. जिल्ह्यांचा ड्रॉपडाउन टेबलवर लूप फिरवून भरलाय; जिल्हा निवडला की दुसऱ्या फाइलमधून फेचने (पान रीलोड न करता सर्व्हरकडून डेटा मागवणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) तालुके येतात. व्हॅल्यू म्हणून जिल्ह्याचं नाव जातं, तालुक्याचा आयडी. अडचणी तीन: ‘मुंबई उपनगर’ निवडलं तरी ‘मुंबई’च सेव्ह होतं, ‘मावळ’च्या जागी चार प्रश्नचिन्हं दिसतात, पण टेबलमध्ये नाव नीट आहे, आणि नोंद एडिटला उघडली की तालुका कोरा दिसतो.

प्रतिसाद १
ऑप्शनच्या व्हॅल्यूभोवती अवतरणचिन्हं घालायची राहिली आहेत. ती नसली की ब्राउझर पहिल्या स्पेसला व्हॅल्यू संपली असं धरतो. चिन्हं घालाच, पण जिल्ह्याचाही आयडीच पाठवा. कर्जत तालुका रायगडातही आहे आणि अहिल्यानगरातही. नावावर विसंबलात की कधीतरी घोळ होणारच.

प्रतिसाद २
मावळची अक्षरं तीन, प्रश्नचिन्हं चार, कारण काना वेगळा मोजला जातो. म्हणजे डेटा शाबूत आहे, तालुक्यांच्या फाइलमधलं कनेक्शन लॅटिन१ वर चाललंय; त्या कॅरेक्टर सेटमध्ये (अक्षरांच्या संचात) देवनागरी नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. मुख्य पानावर कॅरेक्टर सेट दिलेला दिसतो, इथे द्यायचा राहिलाय. कनेक्ट झाल्याझाल्या, क्वेरीच्या आधी, यूटीएफ८एमबी४ (देवनागरीही सामावणारा कॅरेक्टर सेट) सेट करा. हे दुरुस्त होईपर्यंत त्या फाइलमधून काही सेव्ह करू नका: तशी गेलेली प्रश्नचिन्हं परत अक्षरं होत नाहीत.

एडिटचं कारण वेगळं. फेचचं उत्तर येण्याआधीच तुम्ही तालुका सिलेक्ट करताय. तेव्हा यादीत तो ऑप्शनच नसतो. ऑप्शन भरून झाल्यावर, त्याच देन-ब्लॉकमध्ये (फेचचं उत्तर आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) व्हॅल्यू द्या. खरं तर राज्यात तालुके साडेतीनशेच्या आसपास. सगळे पानासोबतच जेसनमध्ये (डेटा मजकुराच्या रूपात पाठवायची पद्धत) पाठवा आणि जिल्ह्यानुसार गाळा. मग जिल्हा भराभर बदलल्यावर आधीच्या जिल्ह्याचे तालुके उशिरा येऊन बसतात, तोही त्रास जातो. तालुका त्याच जिल्ह्याचा आहे ना, हे सर्व्हरवर मात्र तपासाच.

प्रश्नकर्ता
तिन्ही सुटलं, मनापासून आभार! पण जुन्या नोंदींत नुसतं ‘मुंबई’ आहे. शहर की उपनगर, कसं ओळखू?

प्रतिसाद १
तालुक्याचा आयडी आहे ना, त्यावरून. अंधेरी, बोरिवली, कुर्ला असेल तर उपनगर. आधी टेबलचा बॅकअप घ्या, मग तालुक्यांचं टेबल जॉइन करून जिल्ह्याचा आयडी अपडेट करा. मुंबई शहर जिल्ह्यात तालुकेच नाहीत, त्यामुळे तालुका रिकामा असलेल्या ‘मुंबई’च्या नोंदी वेगळ्या काढून पत्त्यावरून हाताने तपासा.