ओलिताच्या कुरणावर गोऱ्हे: फेरी किती दिवसांची, पोटफुगीवर काय?

शेपर्टनकर:
ऑस्ट्रेलियात उत्तर व्हिक्टोरियात पाटपाण्यावर 12 हेक्टर कुरण, बारमाही रायग्रास गवत आणि पांढरा क्लोव्हर (शेंगवर्गी चारा). मांसासाठीचे खच्ची केलेले 60 गोऱ्हे, सरासरी 350 किलो. झटक्याच्या तारेने रोज केवढा पट्टा द्यावा? शिवाय ऑक्टोबरात क्लोव्हर माजला की पोटं फुगतात.

कुरणी:
वजनाच्या अडीच टक्के कोरडा चारा (पाण्याचा अंश वगळून) धरा, म्हणजे कळपाला रोज 525 किलो. चरण्याआधी हेक्टरी 2600 किलो उभा असेल आणि 1500 वर जनावरं काढली, तर हेक्टरी 1100 हाती लागतात. रोज अर्धा हेक्टर, म्हणजे त्याच पट्ट्यावर परत यायची फेरी 24 दिवसांची. पण दिवसांपेक्षा फुटव्याची पानं मोजा. तीन पूर्ण आली की सोडा. चौथं येताना पहिलं वाळतं. हिवाळ्यात फेरी दुप्पट लांबते. 5 सेंटिमीटरखाली चारू नका, नव्या फुटीची साखर बुडख्यात असते. मागेही तार हवी, नाहीतर कोवळी फूट खायला परत फिरतात.

पाटकरी:
हिशेब ठीक, पण पाण्याशी जुळवा. बाष्पीभवनातून पाऊस वजा करून 50 मिमी भरले की पाण्याची पाळी. जानेवारीत, तिथल्या भर उन्हाळ्यात, रोज 7-8 मिमी उडतात, म्हणजे साधारण आठवड्याला एक. आधी चरणं, मग पाणी. भिजलेल्या साऱ्यात वाफशाआधी जनावर घातलंत तर खुरांचे खड्डे पडतात आणि पुढच्या पाळीचं पाणी तिथेच तुंबतं. युरिया हेक्टरी 50 किलो, पाण्याच्या अगदी आधी.

चारणीवाला:
पोटफुगी फेसाची असते. क्लोव्हरमधल्या प्रथिनांनी फेस होतो, ढेकर निघत नाही. उपाशी जनावर क्लोव्हरवर सोडू नका. आधी वाळलं गवत पोटभर, आणि दव सुकल्यावर पट्टा. हौदात पोटफुगीचं तेल टाका.

शेपर्टनकर:
हौद आहे, पण गोऱ्हे पाटाचंच पितात.

चारणीवाला:
मग तेल वाया. पाटाला तार ओढा, किंवा रोजच्या पट्ट्यावर तेल फवारा. पशुवैद्याला विचारून मोनेन्सिन हे पोटफुगी कमी करणारं औषधही देता येतं. फुगलेल्याला नळीने 250 ते 500 मिली खाद्यतेल पोटात. बाटलीने घाईत पाजलंत तर फुफ्फुसात जातं. जनावर कोसळायला आलं तरच डाव्या कुशीत ट्रोकार (पोटाला भोक पाडायची टोकदार सळई आणि नळी), तोही रुंद. बारीक नळी फेसाने लगेच तुंबते.