मदत हवी आहे: छोट्या उपग्रहाच्या बोर्डाला रेडिएशनपासून कसं वाचवायचं?

नमस्कार मंडळी, मी सांगलीची, इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला क्यूबसॅटचा (छोट्या घनाकार उपग्रहाचा) कंट्रोल बोर्ड घेतलाय, १० सेंटीमीटरच्या डब्यात बसणारा, आणि ५०० किमी उंचीवर तो टिकेल का हे दाखवायचंय. कुपवाड एमआयडीसीतल्या एका काकांनी २ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा डबा फार सुरेख करून दिला, कडा पण घासून दिल्या. पण वाचत गेले तसं कळलं की असा डबा इलेक्ट्रॉन बरेच अडवतो, जास्त ऊर्जेचे प्रोटॉन मात्र आरपार जातात, ब्राझीलकडच्या साउथ अटलांटिक अ‍ॅनोमलीवरून (जिथे रेडिएशनचा पट्टा पृथ्वीच्या जास्त जवळ येतो) जाताना तर जास्तच, आणि एखादा कण नेमका मेमरीवर आपटला की ० चा १ होऊन बसतो. शिसं लावावं तर जड धातूत दुय्यम कण तयार होतात, वजन वाढतं ते वेगळंच.

म्हणून मला वाटतं निम्मं काम सॉफ्टवेअरमध्येच आहे, डेटाच्या तीन कॉप्या ठेवून बहुमत घ्यायचं, वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की रीसेट करणारा टायमर) लावायचा, लॅचअप होऊन (कण आपटून चिपमध्ये शॉर्टसर्किटसारखं होऊन) करंट वाढला की लगेच पॉवर कट.

आता विचारायचंय ते असं की स्पेन्व्हिसवर (अंतराळातल्या रेडिएशनचा अंदाज देणारी वेबसाइट) डोसचा, म्हणजे बोर्डात शोषल्या जाणाऱ्या रेडिएशनचा, हिशोब कोणी केलाय का, २ मिमीच्या आत वर्षाला किती येतो ते कसं काढायचं? कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांवर बोर्ड टेस्ट करायला कॉलेजच्या पोरांना कुठे देतात, पत्र कोणाचं लागतं? त्यात फक्त एकूण डोस कळेल, मग बिट पलटण्यासाठी कोडमधूनच मुद्दाम बिट बदलून दाखवलं तर परीक्षक मानतील का? कोणी दादा-ताई या क्षेत्रात असतील तर प्लीज सांगा, पुण्या-मुंबईला यावं लागलं तरी येईन.