घरचं इंटरनेट: प्लॅनमध्ये नक्की काय येतं आणि शेवटी किती पडतं?

नवं कनेक्शन घेताना जाहिरातीत दोनच आकडे ठळक असतात: वेग आणि महिन्याचा दर. बाकी सगळं तारांकनाखाली, बारीक अक्षरांत. ते तारांकन ज्यांना कामामुळे रोज वाचावं लागतं, त्यांनी इथे लिहावं; सुरुवात मी करतो. काय विचारायचं, कुठे बघायचं, हिशेब कसा मांडायचा, एवढंच हवंय. 'आमच्याकडे नेट सारखं जातं' छापाची गाऱ्हाणी नकोत, आणि कंपन्यांची नावंही नकोत.

आधी हिशेब

महिन्याचा दर बघून दोन प्लॅनची तुलना करू नका. किती महिने कनेक्शन ठेवणार ते ठरवा आणि तेवढ्या काळाचा एकूण खर्च काढा. चलन कुठलंही धरा, आकडे कल्पित आहेत.

प्लॅन अ: पहिले ६ महिने ६०, नंतर १००. राउटरचं भाडं महिना १०. जोडणी १२०.
प्लॅन ब: सरसकट ९५. राउटरचं भाडं नाही. जोडणी १००.

१२ महिन्यांत अ चे होतात ३६० + ६०० + १२० + १२० = १२००. ब चे ११४० + १०० = १२४०. म्हणजे अ स्वस्त. आता २४ महिने धरा: अ २५२०, ब २३८०. पारडं फिरलं. नेमकं कुठे फिरतं? चौदाव्या महिन्यापर्यंत अ स्वस्त (१४२० विरुद्ध १४३०), पंधराव्यापासून ब. आता अ चा करार २४ महिन्यांचा असेल आणि मध्येच सोडल्यास दंड असेल, तर सुरुवातीच्या सवलतीला काही अर्थ उरत नाही. म्हणून 'सवलत किती महिने' आणि 'बांधिलकी किती महिने' हे दोन प्रश्न एका दमात विचारायचे.

परत मिळणारी अनामत या बेरजेत धरू नका, पण कागदावर 'परतावायोग्य' हा शब्द आहे का ते बघा. नुसतं 'राउटर शुल्क' लिहिलं असेल तर ते पैसे गेलेच समजा.

२८ दिवस

वरच्या हिशेबात एक भर. 'महिना' म्हणजे किती दिवस? मुदत २८ दिवसांची असेल तर वर्षात १३ वेळा पैसे भरावे लागतात. दर १०० असेल तर वर्षाचे १३००, म्हणजे खऱ्या महिन्याला १०८ च्या वर.

आगाऊ भरण्याच्या योजनांतही अशीच गंमत असते. '२ महिने मोफत' याचे दोन अर्थ निघतात. १० भरून १२ मिळत असतील तर सवलत १६.७ टक्के. १२ भरून १४ मिळत असतील तर १४.३ टक्के. शब्द तेच.

आणि कर. दाखवलेला दर करासह की कराशिवाय, हे विचारण्यापेक्षा थेट विचारा: 'पहिल्या बिलात खात्यातून एकूण किती रक्कम जाईल? दुसऱ्या बिलात किती?' या प्रश्नाला गोल उत्तर देता येत नाही.

वेगाचं एकक

जाहिरातीतला वेग मेगाबिटमध्ये असतो, फाइल उतरताना दिसतो तो मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. १०० एमबीपीएसचा (मेगाबिट दर सेकंदाला) प्लॅन असेल तर गणिताने १२.५ मेगाबाइट दर सेकंदाला, आणि पॅकेटच्या (डेटाच्या तुकड्याच्या) वेष्टणाचा खर्च वजा जाता साडेअकराच्या आसपास. अकरा दिसले की 'फसवलं' म्हणून फोन लावणारे बरेच असतात. तो वेग बरोबर असतो.

अपलोडचा वेग मात्र जाहिरातीत बरेचदा नसतोच. डाउनलोड २०० आणि अपलोड २० असे प्लॅन असतात, विशेषतः टीव्ही केबलवरच्या जोडणीत. व्हिडिओ मीटिंग, फोटोंचा बॅकअप, घरचे कॅमेरे हे सगळं अपलोडवर चालतं. तो आकडा वेगळा मागून घ्या.

'अमर्यादित' आणि एफयूपी

अमर्यादित या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की नेट बंद पडणार नाही. ठरावीक डेटा संपला की वेग खाली येतो. याच अटीला एफयूपी (वाजवी वापराची मर्यादा) म्हणतात. म्हणून दोन आकडे हवेत: मर्यादा किती जीबी, आणि त्यानंतरचा वेग किती. १ एमबीपीएसवर निरोपानिरोपी आणि ईमेल चालतील, मीटिंग रडतखडत. ५ वर घर कसंबसं निभावतं.

मोजायला एक आकडा पाठ ठेवा: १ एमबीपीएसने सलग तासभर वापर म्हणजे ४५० एमबी (मेगाबाइट). त्यावरून बाकी सगळं काढता येतं. १०० एमबीपीएस पूर्ण वेगाने चाललं तर तासाला ४५ जीबी, म्हणजे १००० जीबीची मर्यादा साधारण २२ तासांत खलास. तसं कुणी वापरत नाही. खरा वापर असा: एचडी व्हिडिओ तासाला साधारण ३ जीबी, ४के साधारण ७. रोज चार तास ४के म्हणजे महिन्याला ८४० जीबी. हजारात बसतं, पण घरात दुसरा टीव्ही लागला की नाही.

लोक विसरतात तो कॅमेरा. २ एमबीपीएसने चोवीस तास क्लाउडवर चित्रण पाठवणारा एकच कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी, महिन्याला जवळपास ६५० जीबी खातो. अपलोडही मर्यादेत मोजता का, हे विचाराच. हालचाल झाली तरच चित्रण, अशी सेटिंग बहुतेक कॅमेऱ्यांत असते. ती लावली की हा आकडा धाडकन खाली येतो.

राउटर 'मोफत' आहे, पण कुठला?

प्लॅनसोबत येणाऱ्या राउटरचं मॉडेल विचारून घ्या आणि त्याच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी बघा.

एक, लॅन पोर्ट (तार खोचायच्या खाचा) १०० एमबीपीएसचे की १००० चे. प्लॅन २०० किंवा ३०० चा घ्यायचा आणि पोर्ट १०० चा, असं सर्रास होतं. ओळखायची खूण: तारेने जोडलेल्या लॅपटॉपवर वेग कितीही वेळा मोजला तरी ९४-९५ ला अडकतो. पोर्ट गिगाबिट (१००० चा) असूनही ९४ च येत असेल तर केबल बघा. १०० ला चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. एका टोकाची एखादी तार नीट दाबली गेली नसेल तर दोन्ही उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात, तक्रार करत नाहीत. टोकं पुन्हा क्रिंप करा (दाबून बसवा) किंवा कॅट ५ई (गिगाबिट पेलणारी) केबल टाका.

दोन, वायफाय एकाच बँडचं (लहरींच्या पट्ट्याचं) की दोन. नुसत्या २.४ गिगाहर्ट्झवर, शेजारपाजारचे राउटर धरून, प्रत्यक्षात ४०-५० एमबीपीएस मिळाले तरी पुष्कळ. खोक्यावरचा 'एसी १२००' हा दोन बँडच्या ३०० आणि ८६७ यांच्या बेरजेतून गोल केलेला आकडा असतो, तोही कागदावरचा. एका फोनला १२०० कधीच मिळत नाहीत.

स्वतःचा राउटर लावू देतात का हेही आधीच विचारा. हो म्हणाले तर पीपीपीओईचं (कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड आणि राउटरमध्ये भरायचा व्हीलॅन क्रमांक जोडणीच्या दिवशीच लिहून घ्या. नंतर ते मिळवणं म्हणजे हेलपाटे.

आयपी पत्ता प्लॅनमध्ये येतो का?

ज्यांना बाहेरून घरचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) किंवा सर्व्हर बघायचाय त्यांच्यासाठी. बऱ्याच प्लॅनमध्ये स्वतंत्र सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा घराचा पत्ता) मिळत नाही. एकच पत्ता अनेक घरांत वाटला जातो, याला सीजीनॅट म्हणतात. तपासायला एक मिनिट पुरतं: राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा, मग 'माझा आयपी' दाखवणाऱ्या एखाद्या साइटवरचा बघा. दोन्ही वेगळे असतील, आणि वॅनचा १००.६४ ते १००.१२७ मध्ये किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती घरातल्या उपकरणाकडे वळवणं) कितीही वेळा लावलं तरी चालणार नाही. सेटिंग चुकलेली नसते, मुळात दारच तुमच्या मालकीचं नसतं.

उपाय दोन. स्थिर आयपी विकत घ्या (त्याचं शुल्क महिन्याचं की वर्षाचं, ते विचारा), किंवा आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर ते वापरा. ॲपवरून चालणाऱ्या क्लाउड कॅमेऱ्यांना यातलं काही लागत नाही, उगाच पैसे घालू नका.

'पर्यंत' या शब्दाबद्दल

'१०० एमबीपीएसपर्यंत' यातला 'पर्यंत' कुठून येतो ते सांगतो. फायबरच्या (काचेच्या धाग्यातून प्रकाशाने नेट आणणाऱ्या) जीपॉन पद्धतीत एका धाग्यावर खाली येणारा एकूण वेग २.४८८ गिगाबिट, वर जाणारा १.२४४. तो धागा स्प्लिटरने (प्रकाश वाटून देणाऱ्या डबीने) ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ओढ दिली तर वाट्याला येतात ७७ एमबीपीएसच्या आसपास. सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत, म्हणून एरवी भागतं. रात्री आठ ते अकरा मात्र खरी परीक्षा.

त्यामुळे वेग मोजायचा तो रात्री नऊला आणि पहाटे पाचला, दोन्ही वेळा तारेने, व्हीपीएन बंद ठेवून. कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर एकदा आणि बाहेरच्या सर्व्हरवर एकदा. पहिला चांगला आणि दुसरा वाईट आला तर तुमच्या घरापर्यंतची वाट ठीक आहे, अडचण पुढे आहे. तंत्रज्ञ घरी बोलावून उपयोग नाही.

विचारायला नेमका प्रश्न हवा असेल तर युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमातून उचला. तिथे स्थिर जोडणीच्या करारात किमान, सर्वसाधारणपणे मिळणारा, कमाल आणि जाहिरातीतला, असे चार वेग लिहावे लागतात. तुमच्याकडे असा नियम असो नसो, 'किमान किती' आणि 'सर्वसाधारण किती' हे दोन ईमेलवर मागायला कोण अडवतंय?

जोडणीच्या दिवशी

ओएनटीच्या (फायबरचा धागा जिथे जोडतात त्या घरातल्या डब्याच्या) सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे घरी पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते. जोडणी झाल्यावर तो आकडा फोटोत पकडून ठेवा. उणे १८ ते उणे २४ डीबीएम (त्या ताकदीचं एकक) असेल तर छान. उणे २६-२७ म्हणजे काठावर, तेव्हाच तंत्रज्ञाला टोक पुन्हा जोडायला सांगा, तो दारात आहे तोवर. ३ डीबीने आकडा घसरला की प्रकाश निम्मा झाला. पुढे कधी नेट अडखळलं तर जुना फोटो आणि आजचा आकडा शेजारी ठेवा. घसरलेला दिसला तर कुठेतरी धागा मुडपलाय किंवा टोकावर धूळ आहे. हिरव्या टोकाच्या कनेक्टरला निळा जोडायचा नाही, दोघांची घासणी वेगळ्या कोनात असते आणि तिथेच प्रकाश वाया जातो.

सोबतचे ओटीटी

थोडक्यात: ॲपचं नाव नव्हे, श्रेणी विचारा. फक्त मोबाइलवर चालणारी आहे का, जाहिराती आहेत का, एका वेळी किती पडदे, आणि प्लॅनच्या पूर्ण मुदतीसाठी आहे की पहिल्या तीन महिन्यांपुरती. तुम्ही आधीच त्या ॲपचे पैसे भरत असाल तर दोन्ही चालू राहतात, जुनं आपोआप थांबत नाही.

फुकट लँडलाइनचंही तसंच. नंबर मिळतो, फोनचा डबा आपला.

कागद

फोनवर सांगितलेलं सगळं हवेत. बोलणं झालं की लगेच दोन ओळींचा ईमेल टाका: प्लॅनचं नेमकं नाव किंवा कोड, दर, मुदत, एकरकमी शुल्कं, मर्यादा, नंतरचा वेग, 'हे बरोबर आहे ना?' प्लॅनच्या पानाचा स्क्रीनशॉट तारीख दिसेल असा घ्या, कारण पान बदलतं. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना १० एप्रिल २०२४ पासून ही सगळी माहिती खाद्यपदार्थांच्या पाकिटावरच्या तक्त्यासारखी एका लेबलात द्यावी लागते. तेच रकाने आखून घरी एक कागद बनवा आणि विक्रेत्याकडून भरून घ्या. जो रकाना तो मोकळा सोडेल, तिथेच खर्च लपलेला असतो.

आणि बंद करताना

हेही प्लॅनचाच भाग, म्हणून घेतानाच विचारायचं: किती दिवस आधी कळवायचं, आगाऊ भरलेल्यातले उरलेले महिने परत मिळतात का, घर बदललं तर स्थलांतराचं शुल्क किती. कार्डावरचं आपोआप नूतनीकरण स्वतः बंद करा, कनेक्शन बंद करायला सांगितलं म्हणून ते थांबतंच असं नाही. उपकरण परत देताना ओएनटीच्या तळाचा अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्या, आणि अडॅप्टरही परत केल्याचा उल्लेख त्यात हवा. अनामत बहुतेक वेळा त्या अडॅप्टरपायी अडकते.