मुलांच्या गटाला लोहारकाम शिकवायचं तर पहिली वस्तू आकडाच हवी

ऐरणकाका
शाळेच्या कार्यशाळेत पंचवीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. आता आमच्या गावात सुटीत दोन दिवसांचं लोहारकाम शिबिर घ्यायचं मनात आहे. ११ ते १४ वयाची बारा मुलं, एक भट्टी, एक हाताने फिरवायचा भाता आणि दोन ऐरणी.

माझं म्हणणं एवढंच की पहिली वस्तू 'एस'च्या आकाराचा आकडा असावी. ८ मिलिमीटरची साधी सळई घ्यायची, एका टोकाला अणी काढून ते वळवायचं, मग दुसरं टोक उलट्या बाजूला वळवायचं. टोक काढणं, वाकवणं आणि ताव, म्हणजे लोखंड किती तापलंय ते, ओळखणं या तिन्ही गोष्टी एका वस्तूत येतात. मूल तो घरी नेऊन न्हाणीघरात बादलीसाठी अडकवतं आणि पुढची दहा वर्षं बघतं. पहिल्या दिवशी सुरी, खुरपं, विळा काहीही नको. धार आली की मुलाचं लक्ष हातोड्यावरून उडून धारेवर जातं.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात, तो सुरू करणाऱ्या डॉ. कलबागांनी १९८३ पासून हेच धरून ठेवलं होतं, की हाताने काम करता करता डोकं चालायला लागतं. शाळेतल्या पोरांनी तिथे वेल्डिंगसुद्धा केलं. मग आकड्याला कोण नाही म्हणेल? एका मुलाला तीन ताव पुरतील, म्हणजे सळई तीनदा तापवली की झालं.

शेवंती
मी म्हणेन, काका. भाजलेल्या रुग्णांच्या विभागात नऊ वर्षं परिचारिका आहे.

मुलांनी हाताने काम करावं हे मलाही हवंय. पण बारा मुलं आणि एक भट्टी असताना ऐरणीवरचं मूल भाजत नाही, कारण ते सळईकडेच बघत असतं. भाजतं ते वाट बघणारं. कंटाळून खाली पडलेला तुकडा उचलायला तेच वाकतं. लाल लोखंडाला कुणी हात लावत नाही, पण ४००-५०० अंशांची सळई दिवसाउजेडी काळीच दिसते आणि तळहाताची कातडी घेऊन जाते. आमच्याकडे आलेल्या कामगारांपैकी कितीतरी जणांचं वाक्य एकच असतं: 'थंड झालं असेल असं वाटलं.'

वेल्डिंगचं उदाहरण मला पटत नाही. तिथे एका वेळी एकच जण काम करतो आणि बाकीचे लांब उभे असतात.

सह्याद्रीवेडा
धारेचा मुद्दा मला उलटा दिसतो. तेरा वर्षांच्या पोराला न्हाणीघरातल्या आकड्यासाठी सुटीचे दोन दिवस द्यायला सांगून बघा. माझा पुतण्या सुरीच्या नावानेच आला असता. ओढ असली की शिस्त पाळतात.

फाळपास
सुरीबद्दल आधी बोलतो. आमच्या घरी चार पिढ्या हे काम आहे. वडील गाडीच्या कमानपाट्याचे कोयते करायचे. पाट्याचं पोलाद कडक, त्याला पाणी दिलं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवलं, की काचेसारखं होतं आणि नंतर बेताने ताव देऊन पाणी उतरवावं लागतं. त्यात चूक झाली तर पातं ऐरणीवर तडकतं आणि तुकडा उडतो. दोन दिवसांत पोराच्या हातून सुरी होत नाही. शिकवणारा करतो आणि पोरगं मूठ बसवतं. याला शिकवणं म्हणत नाहीत, दादा.

आता काका, तुम्ही मोठे आहात म्हणून आदराने सांगतो, तीन तावांचा हिशोब चुकला आहे. ८ मिलिमीटरची सळई भट्टीबाहेर काढल्यावर कामाचे दहा-पंधरा सेकंद मिळतात, तेवढ्यात लालीची काळी होते. पोराचे त्यातले पाच सेकंद ऐरणीपर्यंत पोचण्यात आणि सळई नीट धरण्यात जातात. माझं पहिलं टोक सात तावांत निघालं होतं, तेही वडील शेजारी बसून मनगट धरत होते. आकड्याला दहा-बारा ताव धरा. एका तावाला तापवण्यासकट दोन मिनिटं, म्हणजे एका मुलाला वीस-पंचवीस मिनिटं आणि बारा मुलांना चार-पाच तास. शेवंतीताई म्हणतात तो वाट बघणारा मुलगा इथेच तयार होतो.

शिवाय तुमच्या आकड्याला दुसरं टोक आहे. पहिलं वळवून झालं की तीच गरम बाजू सांडशीत धरावी लागते. लहान हाताला सांडशी झेपत नाही, पकड सैल पडते आणि सळई फिरते. त्यापेक्षा भिंतीची खुंटी करा. ४० सेंटिमीटरची लांब सळई द्या, थंड बाजू सरळ हातात. टोक काढायचं, वळवायचं, हवा तर मध्ये पीळ द्यायचा आणि शेवटी मोठ्या माणसाने छिन्नीवर तोडून द्यायचं. सांडशी लागतच नाही.

ऐरणकाका
तीन तावांचं चुकलं, मान्य. शाळेत मी नववी-दहावीची मोठी मुलं घेत होतो, त्यांच्या हिशोबाने बोललो.

आकडा मात्र सोडवत नाही. पहिलं टोक झालं की ते पाण्यात बुडवायचं आणि तीच बाजू हाताने धरायची. साध्या सळईत कार्बन कमी असतो, ती पाण्यात बुडवून कडक होत नाही. जुनी कानस तशीच तापवून बुडवली आणि ऐरणीवर आपटली तर कटकन मोडते. ही दोन्ही लोखंडं मुलांसमोर शेजारी ठेवायची. 'पाणी देणं' म्हणजे काय हे त्यांना कायमचं कळतं. खुंटीत हा धडा येत नाही.

शेवंती
बुडवलेलं टोक निवलं हे मूल ठरवणार कसं? मधला भाग अजून गरम असतो. तीच उष्णता हळूहळू टोकाकडे सरकते.

फाळपास
बरोबर. आमच्याकडे तळहात कधीच पुढे करत नाहीत. हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघायची, मगच धरायचं. पोराला पहिल्या तासात दुसरं काही शिकवू नका, एवढंच शिकवा.

मातीकाम
चित्रकलेची शिक्षिका आहे, लोहारकामातलं कळत नाही. पण गरम लोखंड हातोड्याखाली जसं पसरतं तसंच शाळेतलं मातकाम पसरतं, मी करून पाहिलंय. चौकोनी वळी केली, टोकावर चार बाजूंनी फिरवत ठोकलं की अणी निघते. एकाच बाजूने ठोकलं तर माशाच्या तोंडासारखी फट पडते. लोखंडातही तसंच होतं का?

फाळपास
अगदी तसंच होतं, बाई. ती फट पडली की टोक वाया जातं. हे मला कुणी मातीवर दाखवलं असतं तर वडिलांच्या निम्म्या सळया वाचल्या असत्या.

ऐरणकाका
मग वाट बघणाऱ्यांचा प्रश्न इथेच सुटतो. पहिला दिवस पूर्ण मातीवर, लाकडी हातोडीने. प्रत्येक मुलाने आपला आकडा मातीत तीनदा करायचा, भट्टी पेटवायचीच नाही. दुसऱ्या दिवशी तिघांचा गट भट्टीपाशी: एक भात्यावर, एक ऐरणीवर, एक पाण्याच्या बादलीशी. भाता हाताचाच, कारण ब्लोअरवर बारीक सळई मिनिटात ठिणग्या टाकत जळते. बाकीचे नऊ दोरीपलीकडे, तिथे त्यांना थंड काम: तांब्याच्या तारेची वेटोळी.

ऐरण जमिनीत रोवलेली ठेवणार होतो, म्हणजे उंचीचा प्रश्न येत नाही.

शेवंती
मुलांना खाली बसवू नका. तुकडा पडला तर मांडीवर पडतो आणि मांडी घातलेल्या मुलाला उठता येत नाही. उभं राहू द्या, बुटक्या मुलांना पायाखाली विटांचा ओटा द्या. सुती कपडे, चामड्याचे बंद बूट, डोळ्यांना चष्मा. नायलॉनचा शर्ट घातलेलं मूल परत पाठवा, ते वितळून कातडीला चिकटतं. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत नको, त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. भाजलंच तर वीस मिनिटं वाहतं पाणी. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावायचं नाही.

आणि दोरीपलीकडच्या नऊ जणांपाशी एक मोठं माणूस हवं, भट्टीपाशी दुसरं. एकटे घेणार असाल तर माझा विरोध कायम.

फाळपास
दुसरं माणूस कुठे शोधताय? तालुक्याच्या बाजारात अजून रस्त्याकडेला घिसाडी, म्हणजे फिरते लोहार, बसतात. नवरा सांडशी धरतो, बाई घण मारते. त्यांना बोलवा, दोन दिवसांची पूर्ण मजुरी द्या आणि त्यांनाच शिकवू द्या. कार्यशाळेच्या सरांनी शिकवलं की कला आणि त्यांनी केलं की मजुरी, हे मी लहानपणापासून बघतोय आणि मला ते सलतं. माझ्या शाळेत खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची, पण वडिलांना कधी कुणी वर्गात बोलावलं नाही.

ऐरणकाका
हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. रविवारच्या बाजारात जाऊन विचारतो. घण मारणाऱ्या ताईंनाच ऐरणीवर घ्यायचं आणि मी दोरीपलीकडे तारा वळवत बसायचं, असं ठरवतो. आकडा की खुंटी हेही त्यांनाच विचारेन.

सह्याद्रीवेडा
सुरीचं मागे घेतो. पुतण्याला पाठवू का? तो नऊचा आहे.

ऐरणकाका
नऊ नको. पहिल्या दिवशी मातीला जरूर आणा.

शेवंती
माझी मुलगी अकराची आहे. मातीच्या दिवशी तिला घेऊन मीही येते. भट्टीचं तिथे बघून ठरवेन.