आयर्लंडच्या गढ्यांखालची भुयारं: जीव वाचवायला की लोणी ठेवायला?

दगडफूल
आयर्लंडभर सुमारे ४५,००० गोल गढ्यांच्या खुणा आहेत, बहुतेक इ.स. ६०० ते ९०० दरम्यानच्या. नाव गढी, पण ही शेतकऱ्यांची घरं: तीसेक मीटर व्यासाचं आवार, भोवती खंदक आणि खंदकातून निघालेल्या मातीचाच बांध. काहींच्या पोटात भुयार असतं. भिंती चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या, वर आडव्या शिळा. त्याला नुसतं कोठार म्हणणं मला अजिबात पटत नाही. वाट मध्येच इतकी आवळते की पोटावर सरपटावं लागतं. काही ठिकाणी पुढच्या दालनात शिरायला छतातल्या भोकातून आधी डोकं वर काढावं लागतं. वर दगड घेऊन बसलेली एखादी म्हातारीसुद्धा तिथे धडधाकट गड्याला अडवेल. धाडी पडायच्या त्या गुरांसाठी आणि माणसं धरून नेण्यासाठी. तिथल्या जुन्या कायद्यात दासी हे किमतीचं एकक होतं, यावरूनच काय ते समजा.

ताकमेढ
साफ असहमत. आवारात भुयार असतं हे धाड घालणाऱ्याला ठाऊक नसेल? तोंडाशी ओला पेंढा पेटवला की आतले सगळे गुदमरले. किल्केनीतल्या डनमोर गुहेत इ.स. ९२८च्या सुमारास डब्लिनच्या व्हायकिंगांनी हजार माणसं मारल्याची नोंद जुन्या बखरींत आहे. हा सगळा समाज दुधावर जगणारा, गाई किती यावर माणसाची पत ठरायची. उन्हाळ्यातलं लोणी-चीज हिवाळ्याला पुरवायचं तर बारमाही गार जागा हवीच.

दगडफूल
डनमोर नैसर्गिक गुहा आहे, तिचं उदाहरण इथे लागू नाही. आणि कित्येक भुयारांत हवेसाठी झरोके ठेवलेत. गुरं हाकून न्यायला आलेला माणूस शेजारपाजारचे जमायच्या आत पळ काढणार. लपणाऱ्याला तेवढा वेळ काढला की झालं.

शिळाछाप
दोघेही सगळी भुयारं एकाच मापाने मोजताय. काही सरळ, साधी आहेत, त्यांत अडसर नाहीच. शिवाय बरीच भुयारं इ.स. ९०० नंतरचीही आहेत, काही तर गढीबाहेरच. म्हणजे गढीचा काळ तोच भुयाराचा असं धरून चालू नका.

ताकमेढ
अडचणीची वाट चोरासाठीही असू शकते. कुळांना सरदाराला धान्य, लोणी, मांस द्यावं लागे. तेच चोरीला गेलं तर देणार काय?

दगडफूल
छतातल्या त्या भोकापाशी चोर अडायचा तर वर, आतल्या बाजूला, कुणीतरी बसलेलं हवं ना? लोण्याची मडकी काही दगड मारत नाहीत.